दर दहा हजारी

तिला शहरात चेहऱ्यावरून फारसं कोणी ओळखत नसे. दुकानात ती एका बाजूला उभी राहायची, कोणी वळूनही बघायचं नाही. पण "अर्धा किलो साखर द्या" एवढं म्हणाली की दुकानदाराचा हात तराजूवर थबकायचा. "बातमीबाई ना तुम्ही?" ती मान हलवायची. स्थानिक रेडिओ केंद्रावर संध्याकाळच्या बातम्या वाचता वाचता तिला पंचवीस वर्षं उलटली होती. पाणी कुठे येणार नाही, कोणता रस्ता खोदून ठेवलाय, कोणत्या शाळेला सुट्टी, हे शहराला तिच्या तोंडून कळायचं. आवाज सपाट, स्वच्छ, कुठेही न हेलकावणारा. पूल कोसळल्याची बातमी आणि भाजीपाला स्वस्त झाल्याची बातमी ती एकाच पट्टीत वाचायची, आणि तोच आपल्या कामाचा धर्म आहे असं मानायची.

लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारणाऱ्यांचंही आता विचारायचं वय राहिलं नव्हतं. कालव्याच्या कडेला एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ती आणि अप्पा, तिचे वडील, असे दोघं राहत. वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ आणि वहिनी. भाऊ तिला ताई म्हणायचा, त्याचं ऐकून वहिनी म्हणायची, आणि कधीपासून कोण जाणे, अप्पाही ताईच म्हणू लागले होते.

अप्पा तरुणपणी फुटबॉलचे पंच होते. गावोगाव सामने, दोन्हीकडच्या शिव्या खाऊन परत यायचे आणि जेवताना म्हणायचे, "दोन्ही बाजू शिव्या देतायत म्हणजे निकाल बरोबर लागला." आता खुब्याचं हाड मोडल्यापासून ते पलंगाला खिळले होते. उठवून बसवायला, अंघोळ घालायला, कुशीवर वळवायला माणूस लागायचं. त्यासाठी मावशी येत.

मावशी टेकडीवरून येत. शहराच्या उत्तरेला उतारावर पत्र्याच्या आणि विटांच्या घरांची जी वस्ती होती, तिला सगळे टेकडीच म्हणत. मावशी काटकुळ्या, तोंडाने फटकळ आणि हाताने हलक्या होत्या. अप्पांना त्या असं वळवायच्या की त्यांना कळायच्या आत पाठीखालची चादर बदललेली असायची. दुपारी दोघं पत्ते खेळायचे. अप्पा हरायला लागले की नियम काढायचे.

"हा कुठला नियम? काल नव्हता हा," मावशी म्हणायच्या.

"पंच मी आहे की तुम्ही?"

"खेळणारा आणि पंच एकच असला की असंच होणार."

संध्याकाळी ताई केंद्रावर गेली की दोघं रेडिओ लावून तिच्या बातम्या ऐकायचे, आणि मग मावशी पदर खोचून टेकडीची वाट धरायच्या.

साथ आली तेव्हा सुरुवातीला केंद्रावर नुसते रुग्णांचे आकडे यायचे. शहराचे सहा भाग, प्रत्येकाचा आकडा. जुना बाजार सर्वांत मोठा भाग, म्हणून तो रोज पहिला. लोकांनी ते गृहीत धरलं होतं. बाजारात जाणं टाळायचं, एवढाच त्याचा अर्थ. मग आरोग्य खात्याने कळवलं की नुसते आकडे वाचू नयेत, त्याने दिशाभूल होते. आठवड्याभरात सापडलेले रुग्ण लोकसंख्येच्या हिशेबात, म्हणजे दर दहा हजार माणसांमागे किती, असे सांगावेत. म्हणजे लहान भागाची मोठ्याशी रास्त तुलना होईल.

केंद्रप्रमुखांना हे फार आवडलं. त्यांनी ताईला बोलावून सांगितलं, "उतरत्या क्रमाने वाचा. सर्वांत जास्त दर कुणाचा, ते आधी. लोकांना पहिला नंबर ऐकायचा असतो."

"बक्षीस समारंभ आहे का?" ताई म्हणाली.

"ऐकतात तोवर काहीही म्हणा."

त्या संध्याकाळी तिने नव्या पद्धतीने वाचलं. दर दहा हजारी सर्वाधिक रुग्ण टेकडी, तेहतीस. त्याखालोखाल जुना बाजार, वीस. मग गोदी, स्टेशन, बंगल्यांचा भाग. सर्वांत खाली कालवा, चार.

बातम्या संपल्या आणि फोन खणखणू लागला. टेकडीवरचा एक सलूनवाला बोलत होता.

"बातमीबाई, काल आम्ही पाचवे होतो. आज पहिले? रात्रीतून आमच्यावर आभाळ कोसळलं का?"

"मोजायची पद्धत बदलली आहे," ती म्हणाली.

"पद्धत तुम्ही बदलली, गिऱ्हाईक माझं बदललं. खुर्चीतला माणूस अर्धी दाढी तशीच ठेवून निघून गेला. खोटं नाही सांगत."

तिला हसू आलं आणि तिने ते आवाजात येऊ दिलं नाही. पण नंतर तिने आरोग्य अधिकाऱ्याला फोन लावून नीट विचारलं. तो तरुण डॉक्टर होता, थकलेला पण सभ्य. त्याने सांगितलं, टेकडीवर लोकच मुळात तीन हजार. एका घरातली सहा माणसं आणि शेजारची चार, एवढे दहा रुग्ण सापडले की दर तेहतीसवर जातो. बाजारात साठ हजार लोक, तिथे एकशेवीस सापडले तरी वीसच. शिवाय गेल्या आठवड्यात टेकडीवर घरोघरी तपासणी झाली होती, म्हणून जे होते ते सगळे सापडले. कालव्याच्या भागात अजून पथक गेलंच नव्हतं.

"म्हणजे आमच्याकडे चार आहेत असं नाही," ताई म्हणाली.

"चार सापडलेत, एवढंच खरं. दर चुकीचा नाही, बाई. फक्त तो किती तपासण्यांवर उभा आहे हे सोबत सांगायला हवं."

तिने केंद्रप्रमुखांना तसं एक वाक्य जोडू का म्हणून विचारलं. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "तुमच्यानंतर हवामान आहे, मग औषधाच्या दुकानांची यादी. ऐकणारा आकडा ऐकतो, त्याची शेपटी ऐकत नाही." तिने फार ताणलं नाही. हातातला कागद वाचायचा, कागदावर नाही ते बोलायचं नाही, हीच सवय होती.

घरी अप्पांना ही नवी तक्त्याची पद्धत मनापासून पटली होती. "आता कसं, गुणतक्ता झाला. ताई, आपण तळाला आहोत. अशा तक्त्यात संघ तळाला असलेला बरा."

"आणि आम्ही वर," मावशी म्हणाल्या. "कधी नव्हे ते."

चेष्टा दोन-तीन दिवस टिकली. त्यानंतर एका सकाळी वहिनी जिन्यात थांबून ताईची वाट बघत होती. बोलताना तिने आवाज खाली ठेवला, कारण आत मावशी होत्या.

"रोज संध्याकाळी तूच सांगतेस टेकडी पहिली. आणि टेकडीवरची बाई आपल्या घरात अप्पांचं तोंड पुसते. लोक विचारतात मला."

"त्यांच्या घरात कोणी आजारी नाही."

"आज नाही. उद्याचं कोण सांगणार? अप्पांचं वय बघ. मी वाईट बोलत नाहीये, ताई. झालं काही तर आयुष्यभर स्वतःलाच बोल लावत बसशील."

ताईला सगळं ठाऊक होतं. दहा रुग्ण दोन घरांतले आहेत हे ठाऊक होतं, मावशींचं घर टेकडीच्या दुसऱ्या टोकाला आहे हे ठाऊक होतं, कालव्याच्या चारला काही अर्थ नाही हेही ठाऊक होतं. पण तेहतीस हा शब्द ती रोज स्वतःच्या तोंडाने उच्चारत होती, आणि एखादा आकडा मोठ्याने वारंवार म्हटला की तो हळूहळू हाडीमासी खिळतो. त्या दुपारी केंद्रावर निघायच्या आधी ती मावशींसमोर दारात उभी राहिली.

"मावशी, थोडे दिवस येऊ नका. पगार थांबणार नाही."

मावशींनी तिच्याकडे नीट बघितलं. "थोडे म्हणजे किती?"

"दर खाली येईपर्यंत."

"माझा काय दर आहे?"

ताई दारातून बाजूला झाली.

"माझ्या घरी कोणी शिंकलंसुद्धा नाही. तुम्ही विचारा तरी."

"माहीत आहे मला."

"मग?"

मावशींनी खिडकीतला चष्मा घेतला, आत जाऊन अप्पांना काहीतरी सांगितलं आणि चपला घालून जिना उतरल्या. अप्पांनी त्या दिवशी रेडिओ लावला नाही. ताई घरी आल्यावर म्हणाले, "मैदानाबाहेर काढायचं तर आधी चूक दाखवावी लागते, ताई. प्रेक्षक ओरडतात म्हणून माणूस काढत नाहीत." मग त्यांनी कूस बदलायला मदत मागितली. तिने त्यांना वळवलं, पण मावशींसारखं जमलं नाही. ते कण्हले.

त्यानंतरचे आठवडे तिने एकटीने ओढले. सकाळी अप्पांचं सगळं आवरायचं, दुपारी डोळा लागला तर लागला, संध्याकाळी केंद्रावर. ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे एक कोंदट पेटी होती. भिंतींना जाड गादीचं कापड, खिडकी नाही, मधे काच. काचेपलीकडे तंत्रज्ञ बसायचा. तो बंगल्यांच्या भागात राहायचा, तिथला दर सहा की सात, आणि त्याची त्याला थोडी ऐट होती. माईकचा स्पंजचा टोप नीट करायला, कानाचे हेडफोन द्यायला तो आत यायचा. एके संध्याकाळी तो खोकला. "एसीचा त्रास," म्हणाला. ताईने डोकं हलवलं. त्याला कोणता भाग विचारायचं तिच्या मनातही आलं नाही, कारण तो तिला पाठ होता.

चार-पाच दिवसांनी तिला ताप भरला. तंत्रज्ञाकडून आला, की जिन्यात कोणाकडून, की दुकानात, हे कधीच ठरलं नाही. तंत्रज्ञ त्याच सुमारास आजारी पडला, एवढं खरं. दुसऱ्या दिवशी अप्पाही तापले.

भाऊ आणि वहिनी वरून जेवण आणून दाराशी ठेवायचे आणि दोन पायऱ्या मागे जाऊन थांबायचे. आत यायला भाऊ तयार होता, पण त्याला दम्याचा विकार होता आणि ताईनेच त्याला उंबऱ्याबाहेर थोपवलं. तिच्या हातापायात बळ नव्हतं. अप्पांना उठवून पाणी पाजायचं म्हटलं तरी तिला पलंगाच्या काठाला धरून आधी स्वतः उठावं लागायचं. एकदा दोघंही अर्ध्यावर अडकले. ती वाकलेली, ते लोंबकळलेले, आणि कोणालाच पुढचं जमेना. अप्पा तशा अवस्थेत म्हणाले, "शिट्टी कोण वाजवणार?"

तिने मावशींना फोन केला. परिस्थिती सांगितली, काही लपवलं नाही. आम्हा दोघांना झालाय, तोंड बांधून, हातमोजे घालून मदत कराल का, म्हणून विचारलं. मग मावशी म्हणाल्या, "कालचं ऐकलं का तुम्ही?"

"काय?"

"बातम्या. तुमच्या जागी दुसरी मुलगी वाचते हल्ली. कालवा एक नंबरला आहे. एक्केचाळीस. टेकडी खाली आली, पाचवी."

ताईला ठाऊक नव्हतं. तपासणीचं पथक शेवटी त्यांच्या भागात पोचलं होतं, आणि इमारती-इमारतींतून बंद दारांमागचे रुग्ण सापडत होते.

"मुलगा नाही म्हणतो," मावशी म्हणाल्या. "घरात लहान नात आहे. कालव्याला जायचं नाही म्हणतो. मी काय सांगू त्याला?"

"नाही, बरोबर आहे त्याचं," ताई म्हणाली. दुसरं काही म्हणायला तिच्यापाशी जागाच नव्हती. मावशींनी कुजका टोमणा मारला असता तर तिला सोपं गेलं असतं. पण त्यांनी अप्पांना श्वास लागतो का, नखं निळी दिसतात का, एवढं विचारलं, आणि पाठीखाली उशा कशा लावायच्या ते सांगितलं. "पालथं झोपवता आलं तर बघा," म्हणाल्या. "खुब्याखाली मऊ काहीतरी द्या."

तिने तसं केलं. त्या संध्याकाळी अप्पांनीच हात लांब करून रेडिओ लावला. नवी मुलगी घाईत वाचत होती. कालवा, एक्केचाळीस. "चढलो की आपण," अप्पा म्हणाले, आणि खोकल्याची उबळ आली ती थांबेना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची नखं निळसर दिसायला लागली. भावाने दम्याचा विचार बाजूला ठेवला, रुग्णवाहिकेतल्या माणसाकडून प्लास्टिकचा कोट मागून घेतला आणि अप्पांना स्ट्रेचरवर घालून जिना उतरवला. ताई दारात उभी राहून बघत होती. तिला सोबत जायची परवानगी नव्हती. वहिनी वरच्या पायरीवर बसली होती.

"मावशीला थांबवायला मीच लावलं तुला," वहिनी म्हणाली.

"तू सांगितलंस. थांबवलं मी."

त्यावर दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

अप्पा वाचले. रुग्णालयात बरेच आठवडे काढून घरी आले तेव्हा ते पलंगाच्या अर्ध्या रुंदीत मावत होते, आणि एक वाक्य बोलायला त्यांना दोन श्वास लागत. तंत्रज्ञही बरा झाला. बाजारातला साखरवाला मात्र गेला. हे ताईला दुकानाचं बंद शटर बघून कळलं. ती बातमी तिने वाचली नव्हती, कारण केंद्रावर माणसांची नावं येत नसत.

कामावर परतल्या दिवशी तिने आरोग्य खात्याकडून आलेला कागद घेतला आणि पेनाने भागांपुढे नवे क्रमांक घातले. मग लाल दिवा लागल्यावर तिने वाचलं: "कालवा, गोदी, जुना बाजार, टेकडी, बंगल्यांचा भाग, स्टेशन." वर्णमालेच्या क्रमाने. प्रत्येक भागापुढे दर, आणि त्या दरामागे किती तपासण्या झाल्या तेही. सगळं त्याच सपाट पट्टीत. हवामान थोडं उशिरा सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी केंद्रप्रमुखांनी तिला हाक मारली. टेबलावर श्रोत्यांच्या तक्रारी होत्या.

"लोक म्हणतात पहिला कोण ते कळत नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं."

"बसू देत."

"तुम्ही विचारलं नाहीत मला."

"मागे विचारलं होतं. तेव्हा वेळ नव्हता."

त्यांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट गृहस्थ नव्हते. साथीत त्यांची बहीणही गेली होती, पण ते कोणाला बोलले नव्हते. "हवामान उशिरा सुरू झालं तर हवामानवाल्यांना मी तोंड देणार नाही," म्हणाले. "तुम्ही द्या." ती बरं म्हणाली आणि पुढचे सगळे महिने तसंच वाचत राहिली. लोकांना सवय झाली. काहींनी खरोखर कागद-पेन्सिल घेतली आणि स्वतःचे क्रम लावले. त्याला इलाज नव्हता.

कालवा आणि टेकडी, दोन्हीकडचे दर एक आकडी झाले तेव्हा ती टेकडीवर गेली. फोन करून बोलवावं असं तिला वाटलं नाही. उतारावर पायऱ्या होत्या, काही ठिकाणी नुसता दगड. मावशींचं घर शेवटच्या ओळीत होतं. मावशी दाराबाहेर कपडे पिळत होत्या. नात उंबऱ्यात बसून बाहुलीचे केस विंचरत होती.

"बसा," मावशी म्हणाल्या, आणि स्टूल पुसून दिलं. "अप्पा कसे आहेत?"

"बोलताना धाप लागते. नियम अजून काढतात."

मावशी हसल्या. मग कपडे वाळत घालता घालता त्यांनी, तक्रारीचा सूर न लावता, मधल्या काळात काय काय झालं ते सांगितलं. टेकडीचं नाव रेडिओवर पहिलं यायला लागल्यावर मुलाला कारखान्याच्या फाटकावरून परत पाठवलं. आणखी दोन घरची कामं गेली. रिक्षावाले पायथ्याशी उतरवून द्यायचे, वर यायचे नाहीत. दर खाली आला तरी वर यायला त्यांना पुढे कितीतरी दिवस लागले. "आकडा उतरतो लवकर," त्या म्हणाल्या. "नाव उतरायला वेळ लागतो."

"मी चुकले, मावशी."

"हो," मावशी म्हणाल्या. त्यांनी चिमटा लावला आणि पुढचा कपडा झटकला. "मीही आले नाही. मुलाचं नाव पुढे केलं खरं, पण तो नको म्हणाला नसता तर आले असते का, हे माझं मलाच ठाऊक नाही. तुम्ही फोन ठेवलात आणि मला बरं वाटलं. थोडंसं. मग वाईट वाटलं."

खालून कुठेतरी हातोडीचे ठोके येत होते. पत्रा ठोकत असावेत. नात बाहुली घेऊन ताईजवळ आली आणि तिचा आवाज ऐकून म्हणाली, "आजी, ही रेडिओ आहे."

"अप्पा विचारतात तुम्हाला," ताई म्हणाली. "मीही विचारायला आले आहे. येणार असाल तर."

"सकाळी लवकर नाही जमणार आता. हिला शाळेत सोडायचं असतं. आणि दुपारी मी पत्ते खेळणार. ते काम नाही म्हणून कोणी बोलायचं नाही."

"कोणी बोलत नव्हतं."

"तुमची वहिनी बोलायची."

ताईने मान्य केलं.

मावशी पुढच्या आठवड्यापासून येऊ लागल्या. आधीसारखं सगळं पुन्हा जुळलं असं म्हणता येणार नाही. दोघींमधे बोलणं होतं, चहा होता, पण ताई पूर्वी जे सहज सांगायची, "मावशी, जरा एवढं करा," ते आता आधी विचारायची, आणि मावशी उत्तर देण्याआधी क्षणभर थांबायच्या. अप्पांना यातलं काही जाणवत असलं तरी त्यांनी कधी दाखवलं नाही. ते पुढे पावणेदोन वर्षं जगले. गेले ते वयाने, झोपेत, भर दुपारी. त्या वेळी खोलीत मावशी होत्या आणि ताई केंद्रावर होती. मावशींनी आधी त्यांचे हात सरळ केले, चादर नीट केली आणि मगच फोन केला.

आता मावशी बंगल्यांच्या भागात एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे जातात. कधीमधी दुपारी ताईला फोन करतात. नव्या म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, पत्ते येत नाहीत, आणि तो रेडिओ एवढ्या मोठ्याने लावतो की तुमचा आवाज तिसऱ्या घरात जातो, असं सांगतात. ताई विचारते, नात काय करते. मावशी सांगतात. मग ताई म्हणते, निघायला हवं, वेळ झाली, आणि केंद्राकडे चालू लागते.